राष्ट्रांच्या पंगतीत हैदराबाद : परभणीच्या हद्दीवरून पाहताना

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत ‘आंतरराष्ट्रीय समुदाय’ ही संज्ञा दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरलेली आढळते. पहिल्या अर्थी हा समुदाय सार्वभौम राज्यांचा, म्हणजे एकमेकांना राज्य म्हणून मान्यता देणाऱ्या, परस्परांशी तह करणाऱ्या आणि तह मोडल्यास एकमेकांकडे जाब मागणाऱ्या सत्तांचा असतो; दुसऱ्या अर्थी त्यात सगळी मानवजात येते आणि राज्ये ही त्या मानवजातीच्या वतीने बोलणारी प्रतिनिधी तेवढी ठरतात. 1948 च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत हे दोन अर्थ ज्या मुलखाच्या निमित्ताने समोरासमोर आले, त्या हैदराबाद संस्थानाचा परभणी हा एक जिल्हा होता. जिल्ह्यातील रयतेला त्याची कल्पना फारशी नव्हती आणि तिला कोणी विचारलेही नाही, परंतु आपण नेमके कोणत्या राज्याचे, आणि ते राज्य जगाच्या लेखी राज्य आहे काय, हा प्रश्न काही दिवस पॅरिसमधील एका सभागृहात चर्चेला होता.

निजामाच्या अमदानीत परभणी जिल्ह्याचा विस्तार आजच्यापेक्षा बराच मोठा होता. पुढे 1981 मध्ये जालना जिल्ह्यात गेलेले परतूर आणि 1999 मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेला हिंगोली, कळमनुरी, वसमतचा भाग हे सर्व तेव्हा परभणीतच मोडत असे. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते आणि तेथे इंग्रजांचा अंमल होता, त्यामुळे नदीच्या दोन्ही तीरांवर एकच भाषा बोलणारे व एकमेकांच्या घरी सोयरीक करणारे लोक राहत असूनही मधून एक खरीखुरी सरहद्द जात होती. त्या सरहद्दीवर संस्थानाच्या जकातखात्याचे, म्हणजे करोडगिरीचे, नाके असत आणि मालावर किमतीच्या साधारण पाच टक्के दराने जकात घेतली जाई. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा त्यांचा हिशेब सर्वांच्या तोंडी असे. जिल्ह्याच्या प्रमुख अधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, कचेरीचे व न्यायालयाचे कामकाज उर्दूतून चाले, आणि वऱ्हाडात टपाल टाकायचे तर निजामाचे तिकीट चालत नसे. हद्द, जकात, नाणे, टपाल, न्यायालये आणि फौज ही राज्याची बहुतेक सारी बाह्य लक्षणे येथे हजर होती. 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात राज्यत्वाच्या ज्या चार कसोट्या घातल्या आहेत, त्यांपैकी निश्चित प्रदेश, स्थायी लोकसंख्या व शासन या तीन कसोट्यांना हैदराबाद सहज उतरले असते. घोडे अडत होते ते चौथ्या कसोटीपाशी, म्हणजे इतर राज्यांशी स्वतःच्या अखत्यारीत संबंध ठेवण्याच्या क्षमतेपाशी.

ती क्षमता कशी गेली याचा पुरावा याच जिल्ह्यातील हिंगोलीत होता. 1798 आणि 1800 च्या तहांनी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली आणि परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या संमतीवाचून न करण्याचे मान्य केले. त्याखेरीज निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची आणखी एक फौज उभी राहिली, आणि तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीस होती. या दुसऱ्या फौजेला कितीतरी वर्षे कोणत्याही तहाचा स्पष्ट आधार नव्हता. तिचा खर्च मात्र वर्षानुवर्षे थकत गेला आणि अखेरीस 1853 च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला. 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. 1902 मध्ये तर सालीना 25 लाख रुपये खंडाने ते कायमच्या पट्ट्यावर गेले. यातील तिढा असा की वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदावर अखेरपर्यंत मान्य होते. ज्याची फौज त्यालाच तिला हुकूम देता येत नाही आणि ज्याचा मुलूख त्यालाच तेथे सारा गोळा करता येत नाही, अशा सत्तेला राज्य म्हणावे काय, हा प्रश्न पॅरिसमध्ये पहिल्यांदा निघाला असे समजणे म्हणूनच बरोबर नाही.

युरोपीय कायदेपंडितांनी एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर आपल्या सोयीने देऊन ठेवले होते. त्यांच्या मांडणीप्रमाणे आंतरराष्ट्रीय कायदा हा ‘सुसंस्कृत राष्ट्रांच्या कुटुंबा’चा कायदा होता, आणि त्या कुटुंबात कोणास घ्यावे हे आधीचे सभासद ठरवीत; तुर्कस्तानच्या सुलतानासारख्या शतकानुशतके युरोपशी तह करीत आलेल्या सत्तेलाही 1856 च्या पॅरिस तहाने ‘प्रवेश’ दिला गेला. चार्ल्स हेन्री अलेक्झांड्रोविझ या मद्रास विद्यापीठात अध्यापन केलेल्या पोलिश वंशाच्या विद्वानाने 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीवर चांगलाच आघात केला. सतराव्या व अठराव्या शतकांत पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि फ्रेंच हे मोगल, मराठे, निजाम वा मलबारचे राजे यांच्याशी बरोबरीच्या नात्याने तह करीत होते, आणि त्या सत्तांना राष्ट्रसमूहाबाहेर ढकलण्याचे काम नंतरच्या शतकातील सिद्धान्तांनी मागाहून केले, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मताला हेगच्या न्यायालयातही काही पुष्टी मिळाली. दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेबद्दल पोर्तुगालने भारताविरुद्ध नेलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाला 1779 चा पुण्याचा मराठे-पोर्तुगीज तह वाचावा लागला. 1960 च्या निकालात न्यायालयाने तो तह वैध मानला, पण त्यातून पोर्तुगिजांना गावांचे सार्वभौमत्व मिळाले नसून केवळ महसूल उपभोगण्याचा सरंजामी हक्क मिळाला, असे ठरविले. तह करण्याची पेशवाईची योग्यता न्यायालयाने नाकारली नाही.

हिंदुस्थान सरकारने संस्थानांच्या बाबतीत मात्र हा दरवाजा पूर्ण बंद केला होता. 1891 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या अधिसूचनेत महाराणीचे हिंदुस्थान सरकार आणि तिच्या अधिराज्याखालील संस्थाने यांच्यातील संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागूच होत नाहीत, असे स्पष्ट म्हटले होते. सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने, वऱ्हाड परत मागताना आपण इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत असा सूर लावला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च 1926 च्या पत्रात ब्रिटिश राजसत्तेचे वर्चस्व हिंदुस्थानात सर्वोच्च असून ते केवळ तहांवर अवलंबून नाही, असे त्यास सुनावले. ‘सर्वोच्च सत्ता’ हा जो सिद्धान्त संस्थानी राजकारणात पुढे वरचेवर आढळतो, त्याचे सर्वांत उघडे रूप या पत्रात पाहावयास मिळते. विरोधाभास असा की ज्या हिंदुस्थानातील संस्थानांना आंतरराष्ट्रीय कायदा लागू नव्हता, तो हिंदुस्थान स्वतः स्वतंत्र नसतानाही राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद झाला. 1919 च्या व्हर्साय तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू यांच्या जोडीने बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सही केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सह्या करणारे भारतीय प्रतिनिधी दोन होते, सर ए. रामस्वामी मुदलियार आणि संस्थानांच्या बाजूने व्ही. टी. कृष्णम्माचारी. याचा अर्थ, जगाच्या दप्तरी परभणीची रयत 1945 पासून संयुक्त राष्ट्रांच्या एका सभासदाच्या पोटात होती. तो सभासद हैदराबाद नव्हता.

1947 च्या हिंदुस्थान स्वातंत्र्य कायद्याने सातव्या कलमान्वये संस्थानांवरील ब्रिटिश अधिराज्य संपुष्टात आणले आणि ते कोणाकडे वर्ग होते याबद्दल मौन बाळगले. निजामाने तर आपण सार्वभौम होणार असे त्याआधी, जूनमध्येच, जाहीर केले होते. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकारशी झालेल्या ‘जैसे थे’ करारानेही हा पेच सोडविला नाही. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण या बाबींतील पूर्वीची व्यवस्था एक वर्ष चालू राहावी, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकमेकांच्या राजधानीत असावेत, आणि वाद लवादाकडे जावेत, एवढेच त्यात ठरले होते. कन्हैयालाल मुनशी हैदराबादला आले, नवाब झैन यार जंग दिल्लीस गेले, आणि शाई वाळते न वाळते तोच संस्थानाने दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्याचांदीसारख्या मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आले आणि दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन राहिले नाही. पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्जही रोख्यांच्या रूपाने देण्यात आले. वऱ्हाडातून आलेल्या माणसाचा कलदार अलीकडच्या बाजारात आता बेकायदा ठरत होता. सार्वभौमत्वाच्या वादाचा इतका सरळ अनुभव सामान्य माणसाला क्वचितच येतो.

रयतेची स्वतःची मागणी वेगळ्याच दिशेने वाढत होती. हैदराबाद संस्थानातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे भरले, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच. मराठी भाषकांच्या शिक्षणासारख्या नेमस्त प्रश्नांपासून सुरू झालेले हे काम जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली आणि सत्याग्रह झाला; बंदी उठून वर्ष उलटल्यावर 7 ऑगस्ट 1947 रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळण्यात आला. त्यानंतर दडपशाही वाढली, मूळ लातूरचा वकील असलेल्या कासिम रझवीच्या रझाकार नावाच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा उपद्रव गावोगाव सुरू झाला, आणि कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी, तळ उभारले. करोडगिरीची तीच हद्द आता आश्रयाची व चळवळीची हद्द झाली. कायद्याच्या भाषेत पाहिले तर या लोकांनी आपले राज्य कोणते असावे याविषयी मत दिले होते; पण तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्यात असे मत नोंदवून घेण्याची सोय नव्हती, कारण त्या कायद्यापुढे पक्षकार म्हणून उभे राहण्याची मुभा राज्यांनाच होती.

21 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादचे परराष्ट्र सचिव झहीर अहमद यांनी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना तार पाठवून भारताविरुद्ध तक्रार नोंदविली. तिचा आधार सनदेच्या 35 व्या कलमातील दुसरा परिच्छेद हा होता. संयुक्त राष्ट्रांचे सभासद नसलेल्या राज्यालाही, त्या वादापुरती शांततामय तोडग्याची बंधने आगाऊ मान्य केल्यास, आपला वाद परिषदेपुढे आणता येतो, अशी ती तरतूद आहे. या कलमात सारा डाव दडलेला होता. तक्रार करणारा ‘राज्य’ असला पाहिजे, आणि आपण राज्य आहोत हेच तर हैदराबादला सिद्ध करून घ्यायचे होते. परिषदेने तक्रार ऐकून घेतली की मान्यता निम्मीअधिक पदरात पडली, आणि ऐकून घेण्यास नकार दिला की कायमचा निकाल लागला. पाश्चात्त्य कायदेपंडितांत मान्यतेविषयी जे दोन पक्ष आहेत, एक म्हणतो राज्य अस्तित्वात असतेच आणि मान्यता ही त्याची केवळ कबुली, दुसरा म्हणतो मान्यतेनेच राज्य जन्मास येते, त्यांपैकी हैदराबादचा युक्तिवाद पहिल्या पक्षाच्या शब्दांत होता आणि त्याची सारी धडपड दुसऱ्या पक्षाच्या समजुतीवर बेतलेली होती.

सुरक्षा परिषदेची बैठक 16 सप्टेंबर रोजी पॅरिसच्या पाले द शायो या प्रासादात ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन यांच्या अध्यक्षतेखाली भरली. भारतीय फौजा 13 तारखेलाच संस्थानात शिरल्या होत्या. मुख्य तुकडी सोलापूर-नळदुर्ग मार्गाने, इतर तुकड्या औरंगाबाद-जालन्यासह अनेक बाजूंनी पुढे सरकत होत्या. परिषदेत प्रश्न इतकाच होता की विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा की नाही. भारताची बाजू मांडली ती मुदलियार यांनीच. हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने राज्य कधीच नव्हते, 1947 पूर्वीही नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही, म्हणून परिषदेला यात अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सॅन फ्रान्सिस्कोला अखंड हिंदुस्थानच्या वतीने सही केलेल्या माणसाच्या तोंडून ते अधिक ठसठशीत वाटले असावे. विषय आठ मतांनी कार्यपत्रिकेवर घेण्यात आला. विरुद्ध कोणी नव्हते. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ राहिले. कार्यपत्रिकेवर घेतल्याने अधिकाराचा प्रश्न निकालात निघाला असे समजू नये, असेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. हैदराबादच्या वतीने शिष्टमंडळाचे प्रमुख नवाब मोईन नवाज जंग यांचे निवेदन झाले, आणि दुसऱ्या दिवशी, 17 तारखेला, निजामाने शरणागती पत्करली.

पंगतीत पान मांडले जावे आणि वाढपी येण्याआधीच पाहुणा उठून जावा, तसे येथे झाले. 22 सप्टेंबर रोजी निजामाने तार करून तक्रार मागे घेतली आणि आपल्या शिष्टमंडळाचा अधिकार संपल्याचे कळविले. शिष्टमंडळाचा आक्षेप असा होता की ही तार मोकळ्या मनाने पाठविलेली नाही. 28 तारखेच्या बैठकीत म्हणून आता वाद निघाला तो प्रतिनिधींच्या अधिकारपत्रांचा. जी व्यक्ती राज्याच्या वतीने बोलू शकते ती एकच, आणि ती व्यक्ती प्रतिपक्षाच्या लष्कराच्या ताब्यातील राजधानीत आहे, अशा वेळी राज्याची इच्छा कोणाच्या शब्दांवरून ओळखावी, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने खरोखर कठीण होता आणि परिषदेने तो सोडविण्याच्या भानगडीत पडणे टाळले. पाकिस्तानने पुढे हा विषय लावून धरला. मे 1949 मधील दोन बैठकींनंतर चर्चा थांबली ती थांबलीच. ठराव झाला नाही, तक्रार फेटाळलीही गेली नाही, आणि परिषदेपुढे प्रलंबित असलेल्या विषयांच्या अधिकृत यादीत ‘हैदराबादचा प्रश्न’ पुढची अनेक दशके तसाच छापला जात राहिला. दरम्यान निजामाने नोव्हेंबर 1949 मध्ये फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली, तो स्वतः राजप्रमुख झाला, आणि 1956 मध्ये संस्थानाचे तुकडे होऊन परभणी द्विभाषिक मुंबई राज्यात आली.

आंतरराष्ट्रीय समुदायाने येथे कर्तव्यात कसूर केली, अशी टीका ज्यांनी केली त्यांत अमेरिकन कायदेपंडित क्लाइड ईगल्टन होते; अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा लेख 1950 मध्ये आला, आणि त्याच नियतकालिकात आदल्या वर्षी तारकनाथ दास यांनी हैदराबादचा दर्जा ब्रिटिश काळात आणि नंतरही सार्वभौम नव्हता अशी बाजू मांडली होती. दोन्ही लेखांत तहांचा, पत्रांचा आणि सनदेच्या कलमांचा कीस काढलेला आहे. दास यांचा पक्ष पुराव्याच्या बाजूने अधिक भक्कम वाटतो, कारण हिंगोलीच्या छावणीचा आणि वऱ्हाडाच्या पट्ट्याचा इतिहास डोळ्याआड करता येत नाही. पण वादाच्या निकालासाठी लष्कराची वाट मोकळी होईपर्यंत परिषदेने स्वस्थ बसावे, हे ईगल्टन यांना खटकले ते उगाच नव्हे. दोघांचा विषय मात्र राज्य हाच होता.

ज्या पाले द शायोमध्ये ही चर्चा चालली, तेथेच सप्टेंबरच्या 21 तारखेस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे तिसरे अधिवेशन सुरू झाले आणि त्याच अधिवेशनात 9 डिसेंबरला वंशसंहारविरोधी करार, तर 10 डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ हे शब्द यावेत, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा होता. इकडे मराठवाड्यात रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांचा, आणि ‘पोलीस कारवाई’ म्हटल्या गेलेल्या भारताच्या लष्करी चढाईनंतर मुसलमान रयतेवर झालेल्या भीषण सुडाचा हिशेब कोणत्याही आंतरराष्ट्रीय पटलावर झाला नाही. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने कारवाईच्या काळात व नंतर बळी पडलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे ठरविले. परभणीच्या लगतच्या नांदेडचे नाव त्यात आहे. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. समुदायाच्या दुसऱ्या अर्थाला कायद्याचे रूप येण्यास आणखी वीस वर्षे लागली : 1969 च्या व्हिएन्ना करारात ‘राज्यांच्या समग्र आंतरराष्ट्रीय समुदाया’ने मान्य केलेल्या, कोणत्याही तहाने न मोडता येणाऱ्या नियमांची तरतूद झाली, आणि 1970 च्या बार्सिलोना ट्रॅक्शन निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काही बंधने प्रत्येक राज्यावर सबंध समुदायाच्या ऋणासारखी असतात असे सांगून वंशसंहार व गुलामगिरी यांची उदाहरणे दिली. 1948 मध्ये परभणीच्या रयतेला हा आधार घेता आला नसता, आणि घेता आला असता तरी तो तिच्या वतीने कोणी मांडला असता, हे सांगणे अवघड आहे.

हैदराबादच्या राज्यत्वाचा वाद मात्र एका अनपेक्षित कोपऱ्यात जिवंत राहिला. पॅरिसला तक्रार मांडणारे मोईन नवाज जंग हे संस्थानाचे अर्थमंत्रीही होते, आणि सप्टेंबर 1948 मध्येच त्यांच्या सूचनेवरून लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबादच्या खात्यातून 10 लाख 7 हजार 940 पौंड व 9 शिलिंग पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावे वर्ग झाले. निजामाने पैसे परत मागितले. 1957 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की पाकिस्तान हे सार्वभौम परदेशी राज्य असल्यामुळे त्याच्या संमतीवाचून हा दावा चालवता येत नाही. परराज्याला दुसऱ्या देशाच्या न्यायालयात खेचता येत नाही, या जुन्या नियमाला राज्यांची उन्मुक्ती म्हणतात. स्वतःला सार्वभौम म्हणवणाऱ्या निजामाचा दावा अशा रीतीने दुसऱ्याच्या सार्वभौमत्वापाशी अडला. 2013 मध्ये पाकिस्तानने स्वतःहून दाव्याची कारवाई सुरू करून ती उन्मुक्ती सोडली, आणि 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेलेली ही रक्कम भारत आणि निजामाचे वारस यांची आहे असा निकाल दिला.